एमएसयू वाचवणारं सॉफ्टवेअर स्वतः किती खातं? बरेच महिने वापरून झाल्यावर

प्रॉडक्टचं नाव लिहीत नाही, कारण सपोर्टशी भांडण अजून मिटलेलं नाही, आणि ज्यांच्याकडे ते आहे त्यांना दोन परिच्छेदांत कळेलच मी कशाबद्दल बोलतेय. आयबीएम मेनफ्रेमच्या झेड/ओएसवर डब्ल्यूएलएमच्या (कामांना महत्त्वाप्रमाणे सीपीयू वाटणारा सिस्टीमचा भाग) डोक्यावर बसणारं ॲड-ऑन आहे, एलपारांमध्ये (एकाच मशीनचे स्वतंत्र भाग) डिफाइन्ड कपॅसिटी, म्हणजे एमएसयूमधली (सॉफ्टवेअरचं बिल ज्या मापाने येतं ते) मर्यादा, इकडची तिकडे फिरवतं आणि गर्दीच्या वेळी कमी महत्त्वाची बॅच मागे ढकलतं. आर४एचए (चार तासांची चालती सरासरी), सॉफ्ट कॅपिंग (ती सरासरी मर्यादेला टेकली की सीपीयू आवळणं), एससीआरटी (बिलासाठी अहवाल काढणारं टूल) हे सगळं माहीत आहे असं धरून लिहितेय. २०१९ पासून आलेल्या टेलर्ड फिट प्रायसिंगवर (आयबीएमची वेगळी बिल पद्धत) जे गेलेत त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, तुमचं बिल चार तासांच्या सरासरीच्या शिखरावर लटकलेलं नाहीये, तुम्ही सुखी लोक.

आम्ही अजून जुन्याच पद्धतीत आहोत. म्हणजे महिना २ तारखेला सुरू, पुढच्या १ तारखेला संपला, त्यातला एखादा तास वर गेला की महिनाभराची काटकसर पाण्यात. ग्रुप कपॅसिटी लिमिट आमच्याकडे आधीपासून होतं आणि ते फुकट येतं, मग हे विकत का घेतलं असं कोणी विचारेल, तर ग्रुप लिमिट वाटणी करतं एलपारच्या वेटवर. त्या एलपारमध्ये आत इम्पॉर्टन्स १ चं (सगळ्यांत महत्त्वाचं) सीआयसीएस (ऑनलाइन व्यवहार) गुदमरतंय की कोणाचं डिस्क्रिशनरी (उरलं तर मिळेल असं) टेस्टिंग मजेत पळतंय, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. हे ॲड-ऑन म्हणतं मी आत बघतो आणि मग वाटतो. तेवढं एक वाक्य ऐकून मॅनेजमेंटने सही केली.

इन्स्टॉलेशनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. झेड/ओएसएमएफमधून पोर्टेबल सॉफ्टवेअर इन्स्टन्स म्हणूनही मिळतं, आम्ही जुन्या सवयीने एसएमपी/ईनेच (इन्स्टॉल करायचं जुनं टूल) केलं, रिसीव्ह, अप्लाय चेक, होल्डडेटा वाचा, अप्लाय, काही अडलं नाही. लोडलिब एपीएफमध्ये (विश्वासू लायब्रऱ्यांची यादी) टाकली, स्टार्टेड टास्कला (मागे सतत चालणारा प्रोग्राम) रॅकफमध्ये (सुरक्षा आणि परवानग्या) युजर दिला, झालं. अडलं ते बीसीपीआयवर (प्रोग्राममधून मशीनचे एलपार बघायची-बदलायची सोय). मॅन्युअलमध्ये एक ओळ आहे, "बीसीपीआय कॉन्फिगर केलेलं असावं". असावं! या एका "असावं"च्या मागे काय काय आहे ते आम्ही शोधत बसलो. रॅकफच्या फॅसिलिटी क्लासमध्ये सीपीसीसाठी (अख्खं मशीन) वेगळं प्रोफाइल, प्रत्येक एलपारच्या इमेजसाठी वेगळं, नुसतं बघायला रीड पुरतो पण कपॅसिटी बदलायची तर अपडेट लागतो, शिवाय एचएमसीच्या (मशीनचा कन्सोल) बाजूने परवानगी द्यायला हार्डवेअरवाल्यांच्या हातापाया पडा ते वेगळंच. गंमत अशी की रीडवर सगळं छान दिसतं, स्क्रीनवर एलपार येतात, आकडे येतात, ग्राफ येतात, आणि पहिल्यांदा जेव्हा ते खरोखर काही बदलायला जातं तेव्हा रिटर्न कोड तोंडावर. म्हणून नवीन घेणाऱ्यांना सांगते, आकडे दिसले म्हणून इन्स्टॉल झालं समजू नका, एका टेस्ट एलपारची डिफाइन्ड कपॅसिटी १ ने बदलून बघा आणि मगच हार्डवेअरवाल्यांना जाऊ द्या, ते परत लवकर सापडत नाहीत.

आता माझा मुख्य विषय. टीममधले लोक यावरून मला हसतात, हसू देत.

मॅन्युअल म्हणतं दोन्ही स्टार्टेड टास्क एसवायएसएसटीसीमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या वरच्या प्राधान्याच्या सर्व्हिस क्लासमध्ये (डब्ल्यूएलएमचा कामांचा गट), ठेवा. दोन म्हणजे एक इंजिन, जे निर्णय घेतं, आणि एक वेब सर्व्हर, जो ग्राफ दाखवतो. ठेवले. पण ठेवताना दोघांना वेगवेगळे रिपोर्ट क्लास (नुसतं मोजण्यासाठीचं लेबल) दिले, कारण रिपोर्ट क्लासने डब्ल्यूएलएमच्या वाटपात काही फरक पडत नाही आणि आरएमएफच्या (मोजमापाचं टूल) वर्कलोड ॲक्टिव्हिटी रिपोर्टमध्ये ते आयते वेगळे दिसतात. ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी, कुठलंही नवीन व्हेंडर प्रॉडक्ट आलं की पहिला रिपोर्ट क्लास, मग बाकीचं. पहिल्या आठवड्याचे रिपोर्ट काढले आणि बघते तर इंजिनचा सीपीयू दिवसा जेवढा तेवढाच रात्री, रविवारी तेवढाच, बॅच नसताना तेवढाच. सरळ रेष. काम असो वा नसो, याचं जेवण ठरलेलं. एसएमएफ ३० चे (सिस्टीम ठेवते त्या वापराच्या नोंदी) इंटरव्हल रेकॉर्ड काढले, तिथेही तेच.

मशीनच्या एकूण क्षमतेच्या मानाने आकडा किरकोळ आहे, मान्य. पण हे प्रॉडक्ट आणलंय कशासाठी? एमएसयू वाचवायला. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कोणाकडे मागायची? माझा एक सहकारी म्हणाला, अगं बिल शिखराच्या तासावर येतं, दुपारी तीनला इंजिनने चार घास जास्त खाल्ले तर कोणाच्या खिशातून जातंय. बरोबर आहे. फक्त आमचं शिखर दुपारी येत नाही, पहाटेच्या बॅचमध्ये येतं, आणि तेव्हाही ती रेष तशीच सरळ, सगळ्या भाराच्या वर चढून बसलेली. आणि शिखर पहाटे नसतं आलं तरी मला ती रेष बघवली नसती हे वेगळं.

कारण शोधलं तर सापडलं ते परिशिष्टात, एका टेबलात, जिथे कोणी जात नाही. पोलिंग इंटरव्हल, डीफॉल्ट १० सेकंद, आणि दर वेळी अख्ख्या सिसप्लेक्सचं (एकत्र जोडलेल्या सिस्टीम) चित्र गोळा करून हिस्टरीच्या व्हीसॅम फाइलमध्ये लिहायचं. सपोर्टला विचारलं १० सेकंदच का, तर उत्तर आलं की डब्ल्यूएलएमचं पॉलिसी ॲडजस्टमेंट दर १० सेकंदांनी होतं म्हणून. अहो पण डब्ल्यूएलएमला डिस्पॅचिंग प्रायॉरिटी बदलायची असते, त्याला घाई असणारच. तुम्ही ज्याच्यावर लक्ष ठेवून आहात ती सरासरी ४८ कप्प्यांची आहे, एकेक कप्पा ५ मिनिटांचा, चार तासांची बेरीज १० सेकंदांत असं कितीसं तोंड फिरवणार आहे? यावर "आम्ही हा मुद्दा डेव्हलपमेंटकडे पाठवतो". तोपर्यंत इंटरव्हल वाढवता येतो का? येतो, ३० पर्यंत. त्याच्या पुढचा आकडा टाकला की पॅरामीटर एरर.

वेब सर्व्हरची गोष्ट आणखी मजेदार. विक्रीच्या वेळी सांगितलं होतं की तो जावा आहे, झिपवर (ठरावीक कामांसाठीचा वेगळा प्रोसेसर) चालतो, झिपचं सॉफ्टवेअर बिल लागत नाही, म्हणजे फुकटच समजा. आरएमएफमध्ये एपीपीएल टक्क्यांच्या खाली आयआयपीसीपी नावाची ओळ असते, ती वाचायची. झिपवर जाऊ शकलं असतं पण साध्या प्रोसेसरवर चाललं, ते तिथे येतं. आमच्या झिपवर सकाळी डीबीटूची (डेटाबेस) रांग असते, आणि आयआयपीऑनरप्रायॉरिटी ही सेटिंग डीफॉल्टने येस असते, म्हणजे झिप मोकळा नाही मिळाला की काम जनरल प्रोसेसरवर मदत मागतं. एसवायएसएसटीसीमध्ये बसलेल्या कामाला ती मदत तत्परतेने मिळणारच. तर कोणीतरी सकाळी ग्राफ उघडून ठेवतो, तो स्वतःहून रिफ्रेश होत राहतो, आणि त्या ग्राफचा सीपीयू बिलात येतो. बिल कमी झालं का ते बघण्याचा खर्च बिलात!

यावर उपाय आहे आणि तो प्रॉडक्टच्या मॅन्युअलमध्ये नाही. सर्व्हिस क्लासला ऑनर प्रायॉरिटी नो देता येतं, मग ते काम झिपची वाट बघत बसतं, जनरलवर सांडत नाही, लॉकची कोंडी सोडवायची वगैरे वेळ आली तर अपवाद. पण एसवायएसएसटीसी हा सिस्टीमचा क्लास, त्याला आपण असं काही लावू शकत नाही. म्हणून वेब सर्व्हर तिथून काढला, त्याला स्वतःचा क्लास दिला, इम्पॉर्टन्स ४, व्हेलॉसिटी (वेगाचं उद्दिष्ट) अगदी माफक, ऑनर प्रायॉरिटी नो. पॉलिसी ॲक्टिव्हेट केली आणि दुसऱ्या दिवशीपासून ती ओळ जवळजवळ शून्य. ग्राफ सकाळी हळू उघडतो अशी तक्रार आली, मी म्हटलं चहा घेऊन या. सपोर्टने लेखी कळवलं की ही "शिफारस केलेली रचना नाही". नसू दे. इंजिन मात्र एसवायएसएसटीसीमध्येच ठेवलंय, ते खाली आणू नका, कारण सीपीयू ओढाताणीच्या वेळीच त्याला निर्णय घ्यायचे असतात आणि तेव्हाच ते रांगेत मागे उभं राहिलं तर अर्थ नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की बाई नुसती कुरकुर करतेय. तसं नाहीये. एक गोष्ट अशी निघाली की तिच्यासाठी मी हे प्रॉडक्ट पुन्हा घेईन, आणि ती ब्रोशरमध्ये शेवटच्या पानावर आहे. नुसतं बघायचा मोड. त्यात ते काहीच बदलत नाही, फक्त लिहून ठेवतं की अमुक वेळी मी या एलपारचे इतके एमएसयू काढून त्याला दिले असते, हे जॉब थांबवले असते, आणि का. हा "का" महत्त्वाचा. कुठला सर्व्हिस क्लास, त्याचा परफॉर्मन्स इंडेक्स किती (१ म्हणजे उद्दिष्ट गाठलं, वर गेला तर हुकलं), कुठल्या इम्पॉर्टन्सचं काम किती सीपीयू खातंय, सगळं एका ओळीत. आम्ही सुरुवातीला महिनाभर तोच चालवला आणि प्रॉडक्टपेक्षा आमच्याच सर्व्हिस डेफिनिशनबद्दल (सगळ्या क्लासची आणि उद्दिष्टांची मांडणी) जास्त कळलं.

डब्ल्यूएलएम १९९४ साली एमव्हीएस/ईएसए ५.१ बरोबर आलं, पण जुना कम्पॅटिबिलिटी मोड बरीच वर्षं सोबत होता, तो गेला २००२ च्या झेड/ओएस १.३ मध्ये. तेव्हा बऱ्याच ठिकाणी जुन्या आयपीएसमधले (डब्ल्यूएलएमच्या आधीची प्राधान्यांची यादी) परफॉर्मन्स ग्रुप घाईघाईत जसेच्या तसे सर्व्हिस क्लास करून टाकले गेले, आणि आमची डेफिनिशन त्याच घराण्यातली. ज्यांनी केली ते केव्हाच निवृत्त झाले. त्या लॉगमध्ये एक बॅच क्लास सतत दिसायचा, इंडेक्स ०.४ च्या आसपास, म्हणजे मागितलंय त्याच्या दुपटीहून जास्त मिळतंय, आणि इम्पॉर्टन्स २! आत काय तर कधीकाळी तातडीचे असलेले रिपोर्ट, जे आता कोणी उघडतही नाही. असे क्लास निघत गेले. एकाच वेळी ॲक्टिव्ह पिरियड (सर्व्हिस क्लासचे टप्पे) २५-३० च्या आत ठेवा असं सगळीकडे सांगतात ते उगाच नाही, कारण दर १० सेकंदांच्या फेरीत डब्ल्यूएलएम मदतीसाठी एकालाच निवडतो, रांग लांब असली की खऱ्या गरजवंताचा नंबर उशिरा लागतो. आमच्याकडे त्यापेक्षा बरेच जास्त होते. क्लास एकत्र केले, इम्पॉर्टन्स खाली आणले, आणि प्रॉडक्ट अजून एकही एमएसयू हलवत नसताना पहाटेचं शिखर थोडं बसलं. व्हेंडरचा माणूस हे यश स्वतःच्या स्लाइडवर घालून गेला ते जाऊ दे.

खरा मोड चालू केल्यावर कपॅसिटी फिरवणं चांगलं चाललं, त्यात खोट काढणार नाही. संध्याकाळी ऑनलाइनचा ओघ ओसरला की बॅचच्या एलपारला मोठा वाटा, सकाळ व्हायच्या आत परत, आणि बेरीज ग्रुपच्या मर्यादेत. बॅच मागे ढकलण्याचं मात्र जपून. त्यात दोन प्रकार आहेत, एक म्हणजे जॉब सुरूच होऊ न देणं, इनपुटमध्येच होल्ड. हा निरुपद्रवी, कारण जॉब सुरू नाही तर त्याने काही धरलेलंही नाही. दुसरा म्हणजे चालू जॉबला क्विएस करणं, म्हणजे मध्येच गोठवणं, आणि तो डीफॉल्टने ऑन येतो! क्विएस केलेला जॉब स्वॅप आउट होऊन पडतो पण त्याच्या हातातले डेटासेटचे एनक्यू (फाइलवरची कुलुपं) आणि डीबीटूचे लॉक तसेच राहतात, आणि मागे कोणी महत्त्वाचा उभा असेल तर तो ताटकळतो. एनक्यूची कोंडी झाली की सिस्टीम धरणाऱ्याला थोडा सीपीयू देते, आयईएओपीटी या सिस्टीम पॅरामीटरांमधला ईआरव्ही त्यासाठीच आहे, पण तो अगदी घोटभर. मोठ्या अपडेट जॉबचं त्यात काही भागत नाही. घेतल्या घेतल्या हा दुसरा प्रकार बंद करा.

वरचं सगळं लिहून ठेवलं होतं, टाकायचं राहिलं होतं, आणि मध्ये दोन गोष्टी झाल्या म्हणून मत थोडं बदलतेय, दोन्ही बाजूंना.

पहिली चांगली. पीटीएफ (व्हेंडरचा दुरुस्ती पॅच) आला. पोलिंग इंटरव्हल आता ६० सेकंदांपर्यंत नेता येतो आणि हिस्टरीत फक्त बदललेलं लिहितं. अप्लाय केला, ६० केला, रिपोर्ट क्लास बघितला, सरळ रेष खाली आली, चांगलीच खाली. निर्णयांच्या दर्जात मला तरी काही फरक दिसला नाही, जे मी आधीपासून सांगत होते. तर वर कुंपणाबिंपणाचं जे लिहिलंय ते या पीटीएफच्या आधीच्या लेव्हलला लागू, खोडत नाही, कारण जुन्या लेव्हलवर असाल तर उपयोगी पडेल.

दुसरी वाईट. आमचा सीपीसी बदलला. लायसन्स की मशीनच्या सिरियल नंबरला आणि मॉडेलला बांधलेली असते हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आधीच कळवलं होतं, नवीन की आलीसुद्धा, आणि ती निघाली चुकीच्या कपॅसिटी मॉडेलची. प्रॉडक्टने ग्रेस पिरियड दिला, वॉर्निंग येत होती, आम्ही बरोबर की मागत होतो, तिकडून "प्रक्रियेत आहे", आणि एका रात्री ग्रेस संपला. इंजिन शिस्तीत बंद झालं. ॲबेंड (क्रॅश) नाही, डंप नाही, एक मेसेज आणि रिटर्न कोड. बंद झालं ते अशा वेळी की ऑनलाइनचे एमएसयू बॅचच्या एलपारकडे दिलेले होते. आणि ते तसेच राहिले. परत द्यायला कोणी जागं नव्हतं.

सकाळी ऑनलाइनच्या एलपारवर लोक आले, सरासरी चढत गेली, रात्रीच्या त्या छोट्या मर्यादेला जाऊन टेकली आणि डब्ल्यूएलएमने इमाने इतबारे कॅप लावला. त्याची चूक नाही, त्याला जी संख्या दिली ती त्याने पाळली. सीआयसीएसचा इंडेक्स २ च्या वर. आरएमएफ मॉनिटर ३ च्या सीपीसी स्क्रीनवर डब्ल्यूएलएम कॅपिंगचा टक्का बघितला तेव्हा कोडं सुटलं, मग एचएमसीवर चेंज एलपार कंट्रोल्समध्ये जाऊन हाताने आकडे बसवले.

आता सपोर्ट. सेव्हेरिटी १ ची टिकीट उघडली, त्यांनी ती ३ केली, कारण सिस्टीम चालू आहे. मग एसव्हीसी डंप (मेमरीची प्रत) मागितला. कशाचा? जो टास्क नीट बंद झालाय त्याचा. ते झाल्यावर म्हणाले हे वर्तन डिझाइनप्रमाणे आहे, बंद होताना शेवटची स्थिती जपली जाते. मी म्हटलं मग स्टॉप कमांडने बंद केल्यावर मूळ आकडे परत का बसतात? त्यासाठी पॅरामीटर आहे आणि तो आमच्याकडे येस आहे. तर तो फक्त ऑपरेटरच्या स्टॉपला लागू, लायसन्सच्या स्टॉपला नाही. म्हणजे कोडमध्ये परत देण्याचा रस्ता तयार आहे, लायसन्स संपल्यावर तिकडून जायचं नाही एवढंच ठरवलंय. हे तांत्रिक कारण मला अजून कोणी समजावून दिलेलं नाही.

सध्या आम्ही ऑटोमेशनमध्ये सोय केलीय, इंजिन संपल्याचा मेसेज कुठल्याही कारणाने आला की एक छोटं रेक्स (स्क्रिप्ट) बीसीपीआयमधून सगळ्या एलपारचे मूळ आकडे परत बसवतं. हे प्रॉडक्ट असेल तर आजच लिहून घ्या, आणि रेक्सच्या युजरला अपडेट द्यायला विसरू नका. लायसन्स वॉर्निंगचा मेसेजही कन्सोलवर नुसता वाहून जाऊ देऊ नका, त्यावर पेज लावा. डीआर साइटच्या (आपत्तीच्या वेळची पर्यायी जागा) मशीनची की वेगळी लागते, ती ड्रिलच्या आधी प्रत्यक्ष टाकून बघा, मेलमध्ये आलीय म्हणजे चालेल असं नाही.

नूतनीकरणाचा कागद आलाय. मी शेऱ्यात लिहिलंय की घ्यायला हरकत नाही, पण लायसन्स स्टॉपला मूळ आकडे परत करण्याचं लेखी आश्वासन आणि त्याच्या पीटीएफची तारीख मिळाल्याशिवाय सही करू नये, आणि सोबत रिपोर्ट क्लासचे पीटीएफच्या आधीचे-नंतरचे आकडे जोडलेत. ते आकडे कोणी मागितले नव्हते. इंटरव्हल ६० च्या पुढे नेता येईल का ती मागणीही टाकून ठेवलीय, ३०० पाहिजे, कप्पा ५ मिनिटांचाच आहे ना. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.